घाटांचा राजा आणि त्याच्या श्रमाचा हिशेब

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी आम्ही कळवू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही ‘एका स्पॅनिश सायकलपटूचे चरित्र’ असे कळविले. त्यावर एक सद्‍गृहस्थ हसून म्हणाले, "म्हणजे यंदा आपण सुट्टीवर दिसता!" सुट्टी नव्हे, हाही कामाचाच विषय आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, दिवसाचे कागद आवरल्यावर. पण सायकल आम्हांला पुस्तकातून कळलेली नाही. उमेदीची कितीतरी वर्षे आम्ही पहाटेच्या पाळीला कारखान्याच्या फाटकावर उभे राहून काढली. कोणाच्या सायकलीला जेवणाचा डबा, कोणाच्या कॅरियरवर रिकामी किटली. म्हणजे गडी घरोघर दूध घालून मग आठ तासांच्या कामाला आलेला. सायकल ही गरिबाच्या घरात आधी पोटाची सोय असते. शर्यत, हौस, कीर्ती ही मागाहून येतात. ज्या माणसाची गोष्ट आम्ही सांगणार आहोत, त्याच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे.

त्याचे नाव फेदेरिको मार्तीन बाहामोन्तेस. जन्म ९ जुलै १९२८, स्पेनच्या तोलेदो प्रांतातल्या एका लहानशा गावी. तो आठ वर्षांचा झाला आणि जुलै १९३६ मध्ये स्पेनचे यादवी युद्ध सुरू झाले. लोकनियुक्त प्रजासत्ताकाविरुद्ध सेनापतींनी बंड केले. तीन वर्षे भाऊ भावाशी लढला. १९३९ मध्ये जनरल फ्रँको विजयी झाला. या धामधुमीत बाहामोन्तेसचे कुटुंब पार धुळीला मिळाले. बापाला रस्त्यावर खडी फोडण्याचे काम करावे लागले. पुढे ज्या मुलाने युरोपातल्या रस्त्यांवर कीर्ती मिळविली, त्याचा बाप त्याच प्रकारच्या रस्त्यासाठी दगड फोडीत होता, ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत सांगून पुढे जातात. आम्हांला मात्र तेथेच थांबावेसे वाटते.

युद्ध संपले, पण भूक संपली नाही. स्पेनमधले लोक त्या काळाला ‘उपासमारीची वर्षे’ म्हणूनच ओळखतात. रेशनिंग १९५२ पर्यंत चालले. रेशनवर जे मिळे त्यात पोट भरत नसे, आणि काळ्या बाजाराला ऊत आला होता. मोठ्या व्यापाऱ्यांचा काळा बाजार गोदामांतून चाले, गरिबांचा पाठीवरच्या गाठोड्यातून. तरुण फेदेरिको तोलेदोच्या बाजारात ओझी उचलीत असे. त्याने एक जुनी सायकल विकत घेतली आणि तिच्यावरून तो पाव, पीठ, कडधान्य असा माल पोलिसांची नजर चुकवून आणू लागला. तोलेदो शहर टेकडीवर वसलेले आहे आणि खाली ताहो नदी त्याला तीन बाजूंनी वळसा घालते. घरी परतायचे म्हणजे ओझ्यासकट चढ चढणे आलेच. घाट चढण्याची विद्या या माणसाला कोणा गुरूने शिकविली नाही. ती भुकेने शिकविली.

आता थोडे या शर्यतीविषयी. ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ मध्ये ‘लोटो’ नावाच्या एका वृत्तपत्राने आपला खप वाढविण्यासाठी सुरू केली. सुमारे तीन आठवडे रोज एक टप्पा. मैदाने, मग पिरेनीज आणि आल्प्सचे घाट. सर्व टप्प्यांचा मिळून ज्याचा वेळ सर्वांत कमी, तो विजेता. घाटांच्या माथ्यावर प्रथम पोहोचणाऱ्यांना वेगळे गुण मिळतात आणि त्यात जो पहिला येतो तो ‘घाटांचा राजा’. हा शब्द आपल्याला परका नाही. आपल्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला आपण हाच किताब देतो.

सायकलीच्या शर्यतीतले एक मर्म येथे सांगितले पाहिजे, म्हणजे पुढचे कळेल. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा. पुढच्याच्या पाठीला पाठ लावून जो जातो, त्याची बरीच शक्ती वाचते. म्हणून प्रत्येक संघात एक नायक असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी वारा अडविणारे, पाणी आणून देणारे, वेळ पडली तर आपले चाक काढून त्याला देणारे. फ्रेंच भाषेत अशांना ‘दोमेस्तिक’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ घरगडी. १९११ मध्ये शर्यतीचा चालक आंरी देग्रांज याने एका स्वाराला हिणविण्यासाठी तो वापरला आणि तो कायमचा चिकटला. आपण मराठीत ‘पाणक्या’ म्हणू. परंतु चढ तीव्र झाला, वेग मंदावला, की वाऱ्याचे महत्त्व कमी होते आणि स्वतःचे वजन आणि स्वतःचे फुप्फुस यांचाच हिशेब उरतो. तेथे पाणक्याचा फारसा उपयोग नाही. बाहामोन्तेस हलक्या अंगाचा होता आणि घाटात तो एकटाच पुढे निघून जाई. ‘तोलेदोचा गरुड’ हे त्याचे नाव पडले ते यामुळेच.

१९५४ मध्ये तो प्रथम टूरमध्ये उतरला आणि पहिल्याच वर्षी घाटांचा राजा झाला. त्याच वर्षीची एक गोष्ट जगभर सांगितली जाते. आल्प्समधल्या रोमेयेर घाटाच्या माथ्यावर तो सर्वांच्या आधी पोहोचला, सायकलीवरून उतरला आणि चक्क आइस्क्रीम खात बाकीच्यांची वाट पाहत उभा राहिला. वर्तमानपत्रांनी त्याला विक्षिप्त ठरविले, बढाईखोर ठरविले. त्याचे स्वतःचे म्हणणे वेगळे होते. मोटारीच्या चाकाखालून उडालेल्या दगडाने त्याच्या चाकाचे आरे तुटले होते, दुरुस्तीची मोटार मागे राहिली होती. तेव्हा ती येईपर्यंत दुसरे करणार काय? कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे लगेच पटेल. हत्यार मोडले आहे, फिटर अजून आला नाही, अशा वेळी कामगार चहा पिताना दिसला तर साहेब म्हणतो, ‘बघा, आळशी!’ मोडलेल्या हत्याराकडे कोणाचे लक्ष जात नाही. हातातला कप तेवढा दिसतो.

अर्थात हा मनुष्य साधा सरळ होता असे नव्हे. तो लहरी होता, मानी होता, सहकाऱ्यांशी त्याचे पटत नसे. घाट चढताना निर्भय, पण उतारावर कचरणारा. त्यामुळे माथ्यावर मिळविलेला वेळ तो खाली उतरताना गमावून बसे. त्यात हेसुस लोरोन्यो या बास्क प्रांतातल्या स्वाराशी त्याचे हाडवैर. १९५७ च्या स्पेनच्या शर्यतीत दोघे एकाच संघात, आणि बाहामोन्तेस आघाडीवर असता लोरोन्यो पुढे निसटला व अखेर शर्यत जिंकून गेला. बाहामोन्तेस दुसरा आला. सगळा देश या दोघांमुळे दोन तटांत विभागला होता. ज्या देशात पक्ष नव्हते, निवडणुका नव्हत्या, स्वतंत्र युनियन नव्हती, तेथे माणसांना बाजू घेण्यासाठी दोन सायकलस्वार तरी मिळाले, असे आम्हांला पुष्कळदा वाटते.

त्याच वर्षीच्या टूरमध्ये एक प्रसंग घडला. हात दुखत असल्याने बाहामोन्तेस वाटेत उतरला, रस्त्याच्या कडेला बसला आणि त्याने पायांतले बूट काढले. संघाचा प्रमुख लुइस पुइग धावत आला. त्याने बायकोची शपथ घातली, स्पेनची घातली, अखेर फ्रँकोचे नाव घेतले, असे सांगतात. गडी उठला नाही. हे प्रथम वाचले तेव्हा आमच्यातला कार्यकर्ता हर्षभरित झाला. १९३८ च्या कामगार सनदेने ज्या राजवटीत संप हा देशद्रोह ठरविला, त्या राजवटीच्या हुकूमशहाच्या नावाने विनवले असताही एक श्रमजीवी बूट काढून बसतो! पण पुढे अधिक वाचल्यावर आम्ही स्वतःला आवरले. तो संप नव्हता. त्यात कोणाशी एकजूट नव्हती, कसली मागणी नव्हती. एका थकलेल्या, हट्टी माणसाने ‘आता नाही’ म्हटले, इतकेच. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपली घोषणा घालणे हा इतिहासाशी द्रोह आहे, मग घोषणा कितीही चांगली असो.

आता १९५९ कडे येऊ. त्या सुमारास इटलीचा महान स्वार फाउस्तो कोप्पी याने बाहामोन्तेसला आपल्या संघात घेतले आणि त्याच्या मनात भरवून दिले की, घाटांच्या बक्षिसावर समाधान मानू नकोस, सबंध टूर जिंकण्याची तुझी ताकद आहे. (कोप्पी स्वतः पुढच्याच जानेवारीत, २ जानेवारी १९६० रोजी वारला.) टूरमध्ये त्या काळी देशांचे संघ उतरत. स्पेनचा प्रमुख दाल्मासिओ लांगारिका याने सारा संघ बाहामोन्तेसच्या पाठीशी उभा केला आणि लोरोन्योला घरी ठेवले. कडक उन्हात झालेल्या ओरियाकच्या टप्प्यात लक्झेंबर्गचा शार्ली गोल सुमारे वीस मिनिटे मागे पडला; त्याची आशा तेथेच संपली. मग प्यूइ द दोम या थंड झालेल्या ज्वालामुखीच्या चढावर प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाशी शर्यत करायची होती. ती बाहामोन्तेसने जिंकली. ग्रनोबलच्या टप्प्यात तो आणि गोल दोघे मिळून निसटले; टप्पा गोलला मिळाला आणि आघाडीवीराची पिवळी बंडी बाहामोन्तेसच्या अंगावर आली.

दुसऱ्याच दिवशी आल्प्स ओलांडून इटलीत उतरायचे होते. वाट गालिब्ये, इझेरां आणि छोटा सेंट बर्नार्ड या घाटांवरून. शेवटच्या उतारावर, पावसात, बाहामोन्तेस कचरला. पुढे आंरी आंग्लाद नावाचा फ्रेंच स्वार जोरात निघाला होता. त्या वेळी मागे झाक आंकेतिल आणि रोजे रिव्हिएर हे फ्रान्सचे दोन रथी होते. आपल्या देशबांधवाला वाट मोकळी ठेवावी हे साहजिक. पण त्यांनी आंग्लादच्या पाठलागात जोर लावला, आणि त्यांच्यामागे बाहामोन्तेस सुखरूप खाली पोहोचला.

असे का झाले? येथे सायकलीवरून उतरून हिशेबाच्या वहीकडे गेले पाहिजे. त्या काळच्या स्वाराची खरी कमाई टूरच्या बक्षिसात नसे. टूर संपल्यावर फ्रान्सच्या गावोगावी ज्या छोट्या प्रदर्शनी शर्यती होत, त्यांत हजेरीचे पैसे मिळत. त्यावर वर्षाचा संसार चाले. या शर्यतींचे करार दोन दलालांच्या हाती होते. आंकेतिल आणि रिव्हिएर यांचा दलाल दानियेल दूसे. आंग्लाद होता दुसऱ्या दलालाकडे, रोजे पिएलकडे. आंग्लाद टूर जिंकता, तर फ्रान्सचा नवा वीर म्हणून त्याचा भाव चढता आणि या दोघांचा उतरता. बाहामोन्तेस परका, शिवाय गावातल्या सपाट फेऱ्यांत फारसा न चमकणारा. तो जिंकला तर यांच्या बाजाराला धक्का नव्हता. त्या शर्यतीच्या बहुतेक जाणकारांनी हेच कारण दिले आहे. प्रेक्षकही भोळे नव्हते. पॅरिसच्या मैदानात त्यांनी शिट्ट्या मारून आंकेतिलची हुर्यो केली. अखेर बाहामोन्तेस ४ मिनिटे १ सेकंदाने पहिला, आंग्लाद दुसरा, आंकेतिल तिसरा. टूर जिंकणारा तो पहिला स्पॅनिश.

यावरून कोणी म्हणेल, तर मग विजय फुकटचा! नाही. प्यूइ द दोमचा चढ कोणा दलालाने चढून दिला नव्हता. पण श्रम स्वतःचे असले तरी त्यांची किंमत बाजार ठरवितो, आणि त्या बाजारात कामगारालाच कामगाराविरुद्ध उभे करता येते, हे आम्ही जन्मभर पाहत आलो. ते आल्प्सच्या माथ्यावर इतके स्वच्छ दिसेल असे मात्र वाटले नव्हते.

आता आपण तारीख ध्यानात घ्या. टूर पॅरिसला संपली १८ जुलै १९५९ रोजी. १८ जुलै हा फ्रँकोच्या बंडाचा वाढदिवस. एवढेच नव्हे. त्या राजवटीने १ मेचा कामगारदिन रद्द केला होता आणि त्याऐवजी १८ जुलै हाच ‘श्रमाच्या गौरवाचा दिवस’ म्हणून जाहीर केला होता! ज्या दिवशी कामगारांचे हक्क बुडविणाऱ्यांनी शस्त्र उचलले, तोच दिवस श्रमगौरवाचा. आणि नेमक्या त्याच दिवशी खडी फोडणाऱ्याचा मुलगा पॅरिसमध्ये विजयी झाला. हा निव्वळ योगायोग, पण सरकारला याहून चांगला योगायोग कोठून मिळणार? विजय सरकारच्या खात्यावर जमा झाला.

आणि तीनच दिवसांनी, २१ जुलै १९५९ रोजी, स्पेनमध्ये ‘स्थैर्य योजने’चा हुकूम निघाला. पेसेताची किंमत उतरवून एका डॉलरला ६० पेसेता असा दर ठरला, सरकारी खर्च आणि कर्जे आवळली, पगार गोठले, जादा कामाचे तास गेले. पुढे देशाची भरभराट झाली, हे खरे आहे आणि ते आम्ही लपवीत नाही. पण आरंभीची किंमत कोणी दिली? लाखो स्पॅनिश कामगार गाठोडी बांधून फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंडला गेले. मार्च १९६० मध्ये तर जर्मनीशी कामगार पाठविण्याचा रीतसर करारच झाला. रस्त्याच्या कडेला उभे राहून ‘फेदेरिको, फेदेरिको’ म्हणून ओरडणाऱ्या कित्येकांना पुढे त्याच रस्त्याने पोटासाठी देश सोडावा लागला. स्पेनला टूरचा दुसरा विजेता लाभला तो १९७३ मध्ये, लुइस ओकान्या. तो अशाच कामधंद्यासाठी फ्रान्सला गेलेल्या गरीब कुटुंबातला मुलगा होता.

आमच्या चळवळीतला एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात उत्पादनवाढीची स्पर्धा झाली. एका तरुण कामगाराने जिद्दीने दीडपट काम करून दाखविले. व्यवस्थापनाने त्याला शाल-श्रीफळ दिले, फोटो काढला. पुढच्या महिन्यात त्याचा आकडा सगळ्या खात्याचे प्रमाण म्हणून भिंतीवर लागला. सहकारी त्या पोरावर चिडले. आम्हीही चिडलो, आणि भर सभेत त्याला नको ते बोललो. आज त्याची खंत वाटते. दोष त्याच्या मेहनतीचा नव्हता. मेहनत त्याची आणि तिचा उपयोग दुसऱ्याचा, ही खरी चूक होती. बाहामोन्तेसचे चरित्र वाचताना तो पोरगा पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत राहिला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९६० मध्ये त्याने टूर आरंभीच सोडली. १९६२ पासून टूरमध्ये देशांऐवजी कंपन्यांचे संघ आले. बाहामोन्तेस एका फ्रेंच मद्यकंपनीच्या संघात होता. १९६२, १९६३ आणि १९६४ अशी तिन्ही वर्षे तो पुन्हा घाटांचा राजा झाला. एकूण सहा वेळा. १९६२ च्या वसंत ऋतूत अस्तुरियासच्या खाणकामगारांनी बंदी झुगारून संप केला आणि सरकारने तेथे आणीबाणी लादली. वर्तमानपत्रांत त्या संपाला जागा मिळणे अवघड होते. घाटांच्या राजाला भरपूर जागा होती. १९६३ मध्ये तो आंकेतिलच्या मागे दुसरा आला. निर्णायक टप्प्यात आंकेतिलने चढासाठी हलकी सायकल घेतली होती. बिघाडाशिवाय सायकल बदलू नये असा नियम. तेव्हा त्याच्या प्रमुखाने तार तोडून बिघाड ‘घडविला’, ही गोष्ट पुढे सर्वांना ठाऊक झाली. १९६४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, बाहामोन्तेस तिसरा आला. १९६५ ची टूर त्याने अर्ध्यावर सोडली आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर त्याने तोलेदोत सायकलीचे दुकान चालविले आणि कित्येक वर्षे आपल्या प्रांतात तरुणांसाठी शर्यत भरविली. घाटांच्या राजाचा त्याचा सहा वेळांचा विक्रम २००४ मध्ये रिशार व्हिरांकने मोडला. तरीही २०१३ मध्ये, टूरच्या शंभराव्या शर्यतीच्या वेळी, ‘लेकीप’ या फ्रेंच क्रीडापत्राच्या पंचांनी टूरच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ घाटवीर म्हणून बाहामोन्तेसलाच निवडले. २०१८ मध्ये तोलेदोत त्याचा पुतळा उभा राहिला. ८ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, तो वारला. ज्या राजवटीने त्याचा विजय आपल्या खात्यावर मांडला, ती १९७५ मध्ये फ्रँकोबरोबरच ढासळू लागली. १८ जुलैचा तो ‘श्रमगौरव’ही गेला, आणि १ मे परत आला.

तेव्हा या माणसाचे काय करावे? आमच्या एका मित्राचे म्हणणे, हुकूमशाहीने मिरविलेला मनुष्य. त्याचे कौतुक कशाला? दुसरा म्हणाला, खेळात राजकारण कशाला आणता? आम्हांला दोन्ही पटत नाही. पहिला त्या माणसाचे श्रम विसरतो, दुसरा त्या श्रमांचे पुढे काय झाले ते विसरतो. बाहामोन्तेस आमच्या विचाराचा नव्हता आणि त्याला तसे रंगविण्याची आम्हांला गरज नाही. पण तोलेदोच्या चढावर पिठाचे ओझे घेऊन सायकल रेटणारा तो पोरगा कोणत्याही सरकारचा नव्हता, कोणत्याही दलालाचा नव्हता, कोणत्याही कंपनीचा नव्हता. ते पाय त्याचे होते.

पुढच्या वेळी कोणा कामगाराला, कोणा खेळाडूला व्यासपीठावर शाल-श्रीफळ देताना आपण पाहाल, तेव्हा टाळ्या अवश्य वाजवा; मेहनतीला टाळी मिळालीच पाहिजे. फक्त टाळी वाजवून झाल्यावर इतके विचारा, की श्रम याचे, तर जमा कोणाच्या खात्यावर? हा प्रश्न विचारण्याची सवय एवढ्या मोठ्या सभेतल्या दहा माणसांना लागली, तरी आमचे आजचे बोलणे वाया गेले नाही, असे आम्ही समजू.